सटवीनं लिहिलं का मी ठरवलं? : वाचकांचे प्रश्न, गुरुजींची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की बरं आणि वाईट यातलं निवडायची मोकळीक देवानं माणसाला खरोखर दिली आहे, कॅथलिक चर्च हे ठामपणे मानतं. त्यावर खूप पत्रं आली, व्हॉट्सॲपवर पण आली, काही तर रात्री दोन वाजता पाठवलेली. त्यातली काही इथं घेतो. नावं आणि गावं काढली आहेत, आपल्या भागात गाव लिहिलं की अर्ध्या तालुक्याला माणूस समजतो.

प्रश्न : गुरुजी, जय येशू. मी दारव्ह्याकडचा कास्तकार. कापूस घरात भरून ठेवला भाव वाढन म्हणून, तं भाव उतरला. माय म्हणते सटवीनं कपाळावर लिहिलं ते कोणाले चुकलं नाही. प्रार्थनेले येणारे भाऊ म्हणते देवाची योजना होती. तुम्ही म्हणता माणूस मोकळा हाय. देवाले जर माह्या जन्माच्या आधीपासून माहीत हाय मी काय करणार, मंग मी ठरवलं काय? आन् वेचणीवाल्या बायायचे पैसे अजून बाकी हाय, त्या दारात येते, त्यायले काय सांगू?

उत्तर : भाऊ, आधी भावाचं बोलू. कापसाचा भाव परदेशातल्या बाजारावर, आयात शुल्कावर, सरकीच्या दरावर, सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, कधी आणि किती खरेदी करते त्यावर हलतो. तू अंदाज केला, अंदाज चुकला. यात पाप नाही आणि सटवीचा हातही नाही. चुकलेल्या अंदाजाचं ओझं देवाच्या दरबारात नेऊन स्वतःला गुन्हेगार ठरवायचं काम नाही.

आता देवाला आधीच माहीत असण्याचं. हा प्रश्न फार जुना आहे आणि तो अशा माणसानं सोडवायला घेतला होता ज्याचं सगळंच हातातून गेलं होतं. बोएथियस नावाचा रोममधला मोठा ख्रिस्ती विद्वान, राजाचा मंत्री होता, राजद्रोहाचा आरोप आला, तुरुंगात टाकलं आणि इसवी सन ५२४ च्या सुमारास मारून टाकलं. त्या तुरुंगात बसून त्यानं लिहिलं की देव काळाच्या आत बसलेला नाही. आपल्याला काल, आज, उद्या असं एकामागून एक मिळतं, देवाला सगळं एकदमच समोर आहे, म्हणून तो ‘आधी’ बघतो असं म्हणणंच बरोबर नाही, तो बघतो. आणि बघण्यानं कोणावर जबरदस्ती होत नाही. सातशे वर्षांनी चर्चचे मोठे विचारवंत संत थॉमस अक्विनास यांनी उंचावर उभ्या माणसाचा दाखला दिला, तो आपल्या भाषेत असा की मचाणावर उभं राहिलं की पांदणीतून येणाऱ्या सगळ्या बंड्या एकदम दिसतात, बंडीत बसलेल्याला फक्त आजूबाजूचं दिसतं, पण मचाणावरच्यानं बंडी पाहिली म्हणून ती त्यानं हाकली असं होत नाही, हाकणारा कासरा धरून बंडीतच बसलेला असतो.

थॉमस यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं. ते म्हणतात माणूस मोकळा नसता तर उपदेश, आज्ञा, मनाई, बक्षीस, शिक्षा हे सगळं फुकट गेलं असतं. तुझ्या मायचंच बघ. सटवीनं लिहिलं म्हणते, पण तू लहानपणी खोटं बोलला तेव्हा तिनं तुला रागावलंच असेल ना. ज्याला ती रागावली तो पोरगा खरं बोलू शकत होता हे तिला पक्कं माहीत होतं. बायबलात सिराखच्या पुस्तकात पंधराव्या अध्यायात हेच आहे, देवानं माणसाला त्याच्या स्वतःच्या निर्णयाच्या हाती सोपवलं, पुढे आग ठेवली आणि पाणी ठेवलं, पाहिजे तिकडे हात लांबव. चर्चच्या बिशपांच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं १५४७ साली जाहीर केलं की आदामाच्या पापानंतर माणसाची मोकळी इच्छा अशक्त झाली, वाकली, पण मेली नाही.

‘देवाची योजना’ म्हणणाऱ्या भावाला माझा नमस्कार सांग, तो वाईट बोलला नाही, फक्त अर्धं बोलला. चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात, जो १९९२ साली आला, ६०० नंबरच्या परिच्छेदात लिहिलं आहे की देव आपली योजना ठरवतो तेव्हा त्याच्या कृपेला प्रत्येक माणूस मोकळेपणानं काय उत्तर देणार तेही त्या योजनेत धरलेलं असतं. म्हणजे तुझं ‘हो’ आणि तुझं ‘नाही’ योजनेच्या बाहेर नाही, आतच आहे. हे नेमकं कसं जुळतं यावर डॉमिनिकन आणि जेजुइट या दोन संघांच्या धर्मगुरूंचा रोममध्ये वर्षानुवर्षं वाद चालला, शेवटी १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी सांगितलं की एकमेकांना पाखंडी म्हणू नका आणि घरी जा. निकाल आजपर्यंत लागलेला नाही. दोन्ही बाजूंना एवढं मान्य होतं की कृपा देवाची आहे आणि निवड माणसाची खरी आहे.

आणि आपल्या विदर्भातल्या ख्रिस्ती लोकांनी एक गोष्ट माहीत करून घ्यायला पाहिजे. नागपूरच्या सदरमधलं कॅथेड्रल संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं आहे, त्यांच्या नावाच्या संस्थेचे फादर फ्रान्सच्या ॲनसी गावाहून १८४५ साली भारतात आले आणि पुढे आपल्या भागात मिशन घेऊन पोचले. हे फ्रान्सिस एकोणीस वर्षांचे असताना पॅरिसमध्ये शिकत होते, १५८६ चा हिवाळा, तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं की देवानं मला नरकासाठीच ठरवून ठेवलंय, माझ्या हातात काहीच नाही. जेवण सुटलं, झोप गेली, आजारी पडले, कित्येक आठवडे असं. मग एके दिवशी चर्चमध्ये मरियामातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी ठरवलं की पुढचं काय व्हायचं ते होवो, या जन्मात मी देवावर प्रेम करीनच. आणि ते ओझं गेलं. मला यात सगळ्यात मोठं हे वाटतं की ज्या पोराला वाटत होतं आपल्या हातात काहीच नाही त्यानं त्याच क्षणी एक गोष्ट हातात घेतली.

आता तुझी शेवटची ओळ, जी तू सहज टाकून दिली. वेचणीवाल्या बाया. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून, बोंडाच्या नखांनी बोटं रक्ताळलेली, संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काटा टांगायचा, गाठोडं अडकवायचं, तू वहीत किलो लिहायचे, त्या मान वर करून काट्याकडे बघायच्या. ती वही तुझ्या घरात आहे. त्यातले आकडे सटवीनं नाही लिहिले. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय की ज्या मजुरांनी तुमची शेतं कापली त्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आवाज देवाच्या कानी गेला आहे, आणि चर्च मजुराची मजुरी बुडवणं हे आकाशाकडे ओरडणाऱ्या पापांमध्ये मोजतं. तू बुडवली नाही, थांबवली आहे, तुझी पण तंगी आहे हे मला समजतं. पण भाव पुन्हा चढेल याची वाट तू त्यांच्या पैशावर बघतो आहे, ते त्यांना विचारलं का? थोडा कापूस आहे त्या भावानं काढ आणि आधी ती वही मोकळी कर. जमत नसेल तर निदान अर्धे दे आणि बाकीची तारीख सांग. दार वाजलं की मागच्या खोलीत जाऊन बसू नको.

प्रश्न : गुरुजी, मी अमरावती जिल्ह्यातली, बीए करते. माह्या बाबांनी मागच्या वर्षी जीव दिला. कर्ज होतं, सावकाराचं पण होतं. आमच्याच प्रार्थनेतल्या एका माणसानं आईले सांगतलं का ज्यानं देवानं दिलेला जीव स्वतः घेतला तो गेलाच नरकात, पहिले तं अशायले मिशनच्या कब्रस्तानात जागाच देत नव्हते. आई तव्हापासून मिस्साले, चर्चच्या उपासनेले, जात नाही. तुम्ही लिहिलं माणूस मोकळा हाय. मंग माह्या बाबांनी मोकळेपणानं हे केलं का?

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी खूप वेळा वाचलं. आईला हे उत्तर वाचून दाखव, सगळं.

जीव घेणं ही फार गंभीर गोष्ट आहे हे चर्च सांगतं आणि सांगत राहील. पण गोष्ट गंभीर असणं वेगळं आणि माणूस तिच्यासाठी किती जबाबदार हे वेगळं. माणसाला देवापासून तोडणारं जे सगळ्यात मोठं पाप, ज्याला आम्ही ‘मरणाचं पाप’ म्हणतो, त्याला तीन गोष्टी एकत्र लागतात, गोष्ट गंभीर पाहिजे, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव पाहिजे, आणि मनाची पूर्ण मोकळी संमती पाहिजे. एक जरी कमी पडली तरी हिशोब बदलतो. धर्मशिक्षण ग्रंथाचा १७३५ नंबर सांगतो की अज्ञान, जबरदस्ती, भीती, सवय, मनाची अवस्था, आजूबाजूची परिस्थिती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, कधी कधी उरतच नाही. आणि २२८२ मध्ये आत्महत्येचं नाव घेऊनच लिहिलंय की गंभीर मानसिक आजार, यातना, संकटाची भीती यांनी जबाबदारी कमी होते. पुढचा २२८३, हा आईला दोनदा वाच, त्यात म्हटलंय की ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांच्या तारणाची आशा आपण सोडू नये, फक्त देवालाच माहीत असलेल्या वाटांनी देव त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं.

कब्रस्तानाचं त्या माणसानं जे सांगितलं ते १९१७ च्या चर्च कायद्यातलं आहे. आणि त्या कायद्यात सुद्धा ‘जाणूनबुजून ठरवून’ असे शब्द होते. १९८३ चा नवा कायदा आला त्यात कोणाला अंत्यविधी नाकारायचा ती यादी आहे आणि त्या यादीत आत्महत्या करणारा माणूस नाही. म्हणजे चाळीस वर्षांच्या वर झाली. तो माणूस जो नियम सांगत फिरतोय तो आज चर्चचा नियम नाहीच, आणि कोण नरकात गेलं हे सांगायचा अधिकार त्याला तेव्हाही नव्हता.

तुझ्या बाबांनी मोकळेपणानं केलं का? रोज फोन, दारात माणूस, घरात लग्नाची पोरगी, वावरात बोंडअळी, चार चार रात्री झोप नाही, अशा माणसाच्या मनात मोकळीक किती उरली होती हे मोजायचा काटा तुझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही, गावाकडे तर नाहीच. मी माणसाला मोकळा म्हणतो तेव्हा दुसऱ्याला दोषी ठरवायला नाही म्हणत. आणि तुमच्या लक्षात आलं नाही म्हणून तुम्ही दोषी, असंही मनात आणू नको, दुःख झाकायला माणूस फार शिकलेला असतो, घरच्यांपासून तर जास्तच.

दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी मिस्सा असते. बाबांच्या नावानं मिस्सा सांगा, आत्ता पण सांगता येते, नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही. आईला मिशनमध्ये घेऊन जा, फादरांशी एकटं बोलू दे. आणि हे पत्र वाचणाऱ्या ज्या कोणाच्या मनात स्वतःच जीव द्यायचे विचार येत असतील त्यांनी आजच्या आज घरातल्या एका तरी माणसाला सांगा आणि १४४१६ वर फोन करा, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री पण. कर्जातून वाट निघते, आणि ती सुचायला आधी माणूस जागेवर पाहिजे, तुम्ही आम्हाला पाहिजे आहात.

प्रश्न : वेचणीच्या दिवसात मालक रविवारी पण बोलावते. नाही गेली तं दुसऱ्या दिवशी बोलवत नाही. मिस्सा चुकते. पाप लागते का?

उत्तर : नाही बाई. रविवारची मिस्सा बंधनकारक आहे, पण गंभीर कारण असलं तर नाही, आणि ज्याची चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते त्याचं कारण गंभीरच असतं. जिथं धर्मगुरू पोचतच नाहीत, आपल्या कित्येक वस्त्यांत फादर महिन्यातून एखाद्या वेळी येतात, तिथं घरी कुटुंबानं मिळून प्रार्थना करावी असं चर्चचा कायदाच सांगतो. संध्याकाळी लेकरांना घेऊन बायबल वाचा. खरा प्रश्न मालकाला विचारायचा आहे. तो ख्रिस्ती असेल तर त्यानं हे उत्तर वाचावं, कारण दुसऱ्याची सुट्टी हिसकून घेतल्याचा हिशोब त्याच्याकडे आहे.

प्रश्न : गुरुजी, मी चंद्रपूर जिल्ह्यातून लिहिते. घरवाला पिते. बंदी होती तव्हा चोरून प्यायचा, बंदी उठली आता उघड पिते. मारते पण. सकाळी रडते, म्हणते माह्या हातात नाही, मले सुटत नाही. मंग पाप त्याचं का दारूचं? आन् प्रार्थनेतल्या बाया म्हणते सहन कर, हा तुझा क्रूस हाय.

उत्तर : ताई, तो सकाळी जे म्हणतो ते खोटं असेलच असं नाही. संत ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतले हिप्पोचे बिशप, ४३० साली वारले, त्यांनी स्वतःच्या तरुणपणाबद्दल लिहिलंय की वाकड्या इच्छेतून वासना झाली, वासनेची चाकरी केली तर सवय झाली, सवयीला अडवलं नाही तर ती गरज होऊन बसली, आणि ही साखळी त्यांच्या स्वतःच्या इच्छेनंच घडवलेली होती. दारूचं असंच आहे. आज संध्याकाळी गुत्त्यासमोरून जाताना त्याची मोकळीक फार थोडी उरलेली आहे, म्हणून त्या एका घोटाचा दोष कमी असू शकतो. पण मोकळीक संपलेली नाही. सकाळी तो शुद्धीवर असतो, रडतो, तेव्हा दवाखान्यात चल म्हटलं तर हो म्हणायची ताकद त्याच्यात असते, आणि ते ‘हो’ त्यानं दाबलं तर तो दोष मात्र त्याचा आहे, दारूचा नाही. आपल्या भागात गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तुमच्या चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. बंदीनं दुकान दूर जातं, दुबळ्या माणसाला तेवढा आधार होतो आणि तो आधार काढून घेतला याचं मला वाईट वाटतं. पण ‘नको’ हे त्याच्या तोंडातून कोणताही कायदा काढू शकत नाही.

ऑगस्टीनचंच म्हणणं आहे की देवानं तुला तुझ्याशिवाय घडवलं, पण तुझ्याशिवाय तो तुला तारणार नाही. कृपा हवी, आणि तिला हात द्यायला माणूस पण हवा. म्हणून नुसती प्रार्थना नको. त्याला सरकारी दवाखान्यात दाखवा, खूप वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर थरथर सुटते, झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीतच सोडवायची. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या बैठकी कुठं होतात ते जवळच्या मिशनमध्ये किंवा दवाखान्यात विचारा. गावात इज्जत जाईल म्हणून थांबू नका, प्यायल्यानं किती गेली ते सगळ्यांना दिसतंच आहे.

आता तुमचं. तुमच्या पत्रात त्याच्या मोकळेपणाबद्दल विचारलंय, तुमच्या मोकळेपणाबद्दल एक शब्द नाही. मार खाणं हा क्रूस नाही. प्रभू येशूनं क्रूस स्वतः निवडला होता, ‘माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो’ असं तो म्हणाला, तुमच्यावर तर तो रोज रात्री लादला जातो. चर्चच्या कायद्याचं कलम ११५३ सांगतं की नवराबायकोपैकी एकामुळे दुसऱ्याच्या किंवा लेकरांच्या जीवाला, आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर जे लिहिलं त्यात तर म्हटलंय की बायकोला किंवा लेकरांना मारहाणीपासून वाचवायला वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या गरजेचंच होतं. म्हणजे तुम्ही लेकरं घेऊन माहेरी गेल्या तर लग्नाचं वचन मोडलं असं होत नाही. क्षमा करा, करायलाच सांगतो, पण क्षमा दुसऱ्या घरात राहून पण करता येते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तुमच्यासाठी आहे, १८१ महिलांची हेल्पलाइन आहे, अंगावर आलाच तर ११२. आणि सहन कर म्हणणाऱ्या बायांनी उद्या सकाळी या ताईसोबत दवाखान्यात जावं, क्रूस उचलायची एवढी हौस असेल तर एका बाजूनं धरावा.

प्रश्न : मी वाशिम जिल्ह्यातली, वय वीस. घरच्यायनं सोयरीक जमवली. पोरगा वाईट नाही, पण मले नाही करायचं आत्ता, नर्सिंगले नंबर लागला हाय. बाबा म्हणते आईबापाचा मान ठेवणं ही चौथी आज्ञा हाय, फादरसमोर हो म्हण.

उत्तर : पोरी, फादरसमोर खोटं ‘हो’ म्हणू नको. लग्न होतं ते दोघांच्या संमतीनं, आणि ती संमती तुझ्या बदल्यात कोणतीच मानवी सत्ता देऊ शकत नाही, बाबा नाही, बिशप नाही, हे चर्चच्या कायद्याचं कलम १०५७. जबरदस्तीनं किंवा मोठ्या भीतीनं केलेलं लग्न चर्चच्या नजरेत होतच नाही, हे कलम ११०३. लग्नाआधी फादर दोघांची विचारपूस करतात, तेव्हा तुला एकटीला बोलायचं आहे असं सांग आणि जे मला लिहिलं तेच सांग. विधीतला पहिला प्रश्नच हा असतो की तुम्ही इथं मोकळ्या मनानं, कोणाच्या दबावाशिवाय आलात का. आणि बाबांना माझा निरोप दे की चौथी आज्ञा मला पण पाठ आहे, ती शिकवतच म्हातारा झालो. त्याच आज्ञेच्या खाली धर्मशिक्षण ग्रंथात २२३० नंबरला आईबापाला सांगितलंय की लेकरांवर कामधंदा आणि जोडीदार निवडताना दबाव आणू नका, सल्ला द्या. नर्सिंगच्या ॲडमिशनची तारीख चुकवू नको.

प्रश्न : गुरुजी, मी वरूडकडचा, संत्र्याचा बगीचा हाय. बाप गेला त्याच्या आधी त्यानं सांगतलं का आपल्या आज्यानं धुऱ्यावरचा दगड रातोरात उचलून शेजाऱ्याच्या वावरात दोन तास, म्हंजे पिकाच्या दोन ओळी, आत ठेवला होता. शेजारी गेला, त्याच्या पोराले काही माहीत नाही. त्या पट्टीत आज माह्या झाडायची एक ओळ उभी हाय, फळावर हाय. पाप आज्याचं, मंग मले काहून झोप येत नाही? वाटते बापानं सांगतलंच नसतं तं बरं झालं असतं. मी हे लेकरायसाठीच तं ठेवतो.

उत्तर : दादा, आज्याचं पाप तुमच्या माथी नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे, बापाच्या दुष्कर्माचं ओझं पोरगा वाहणार नाही. बापानं सांगेपर्यंत तुम्ही त्या पट्टीतली संत्री खाल्ली, विकली, त्यात तुमचा काही दोष नव्हता, माहीतच नव्हतं आणि माहीत व्हायचा मार्गही नव्हता. पण ज्या दिवशी सांगितलं त्या दिवसापासून पट्टी ठेवणं ही तुमची निवड झाली. झोप त्यामुळेच येत नाही. जगभरातल्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली सदसद्विवेकबुद्धीला माणसाच्या आतलं देऊळ म्हटलं, जिथं माणूस देवासोबत एकटा असतो आणि त्याचा आवाज आतून ऐकू येतो. तुमच्या आत तो आवाज चालू आहे, म्हणजे आतलं सगळं ठीक आहे. तो ऐकूनही माणूस वर्षानुवर्षं काही करत नाही तेव्हा तो हळूहळू बसत जातो, मग झोप लागते, पण ती झोप चांगली नाही.

लेकरांसाठी ठेवतो म्हणता. एखादं काम बरं का वाईट हे बघताना चर्च तीन गोष्टी बघतं, काम काय आहे, कशासाठी केलं, आणि कोणत्या परिस्थितीत. हेतू चांगला असला तरी वाईट काम त्यानं चांगलं होत नाही. आणि इथं काम काय आहे ते बायबलमध्ये अगदी आपल्या वावरातलं असल्यासारखं लिहिलेलं आहे, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, अध्याय एकोणीस, चौदावी ओळ, आपल्या शेजाऱ्याची सीमेची खूण सरकवू नको. लेकरांना सगळं वावर आणि त्यासोबत ही गोष्ट द्यायची का थोडं कमी द्यायचं आणि मोकळं द्यायचं, हे ठरवायला तुम्ही पूर्ण मोकळे आहात, तुमच्यावर ना सावकाराचा तगादा ना दारूचा पाश, आज या पानावर ज्यांची पत्रं आली त्यांच्यात सगळ्यात मोकळा माणूस तुम्हीच आहात.

नुसतं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली, करून भागणार नाही. घेतलेलं परत करायचं असतं, बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदारानं तर येशूला चौपट देतो म्हटलं, तुम्हाला चौपट कोणी मागत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका, पैसे भरा, मोजणी झाली की नकाशाची क प्रत घ्या. पण मोजणीची नोटीस शेजाऱ्याच्या पोराला टपालानं जायच्या आधी तुम्ही स्वतः त्याच्या घरी जा आणि बापानं सांगितलेलं तोंडानं सांगा, नाहीतर त्याला वाटेल तुम्हीच त्याचं घ्यायला निघाले. मग तो म्हणेल ते दोघं मिळून बघा. जमीन परत पाहिजे म्हणाला तर आंबिया बहार तोडून झाल्यावर ओळ झाडांसकट त्याच्याकडे द्या. पैसे चालतील म्हणाला तर आजच्या भावानं किंमत करा, कागद नोंदवून घ्या, शब्दावर ठेवू नका, पुढच्या पिढीत पुन्हा हेच भांडण होईल. इतक्या वर्षांच्या फळांचं काय, असं त्यानं विचारलं तर माहीत झाल्यापासूनचं तुम्ही देणं लागता. आणि किंमत आधी त्याला सांगू द्या.